या, पण अगोदर कळवून

डच भाषेत होकाराला ‘या’ म्हणतात. रोमन लिपीतली अक्षरे वेगळी असली, तरी कानावर पडतो तो थेट आपलाच ‘या’, आणि नागपूरच्या कानाला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. फाटकाची कडी वाजली की हातातले काम टाकून, पदराला हात पुसत, ‘या, या’ म्हणत पुढे व्हायचे आणि आलेला माणूस कोण आहे ते नंतर पाहायचे. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही नेदरलँड्समधल्या हेगला राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी फसगत झाली. भाजीच्या दुकानातली बाई ‘या, या’ म्हणत होती, महापालिकेच्या खिडकीमागचा गृहस्थ माझ्या प्रत्येक वाक्यावर ‘या’ म्हणत होता, आणि ट्राममध्ये फोनवर बोलणारा एक मुलगा तर अख्ख्या गावाला जेवायला बोलावत असल्यासारखा दहा मिनिटे ‘या, या, या’ करीत होता. लोक फार अगत्यशील दिसतात, असे मी त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितले. पुढे कळले की त्या ‘या’चा अर्थ नुसता ‘हो’ असा आहे, आणि तोच शब्द जरा लांबवून लागोपाठ दोनदा म्हटला, तर ‘असू द्या, मारा आणखी थापा’ असा होतो. जो देश दिवसभर ‘या’ म्हणतो, त्या देशात न कळवता कोणीही कोणाकडे जात नाही, ही गोष्ट मात्र मला तीन वर्षांतही पुरती पचलेली नाही.

सध्या मी महिनाभरासाठी धरमपेठेत आईकडे आले आहे. डिसेंबरचे ऊन ओट्यावर उतरले आहे, टोपलीत अंबिया बहाराची संत्री आहेत, विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडे जाणारे रस्ते अडलेले आहेत आणि रोज कोणी ना कोणी ‘सहज आलो होतो’ म्हणत येऊन बसते. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: ‘काय म्हणते तुमचं हॉलंड?’ उत्तर सुरू केले की चहा येतो, चहाबरोबर विषय बदलतो आणि हॉलंड अर्धवट राहते, म्हणून एकदाचे सविस्तर लिहून टाकते. (हॉलंड हे खरे तर त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी उत्तर आणि दक्षिण हॉलंड या दोघांचेच नाव आहे. साऱ्या देशाला हॉलंड म्हणणे म्हणजे साऱ्या महाराष्ट्राला विदर्भ म्हणण्यासारखे आहे, आणि त्याला आमच्या ओट्यावर तरी कोणाची हरकत दिसली नाही.)

आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी मी डब्यात गरम पोहे आणि वर तर्री घालून त्यांचे दार वाजवले. त्यांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि काळजीने विचारले, ‘काही झाले आहे का?’ काही झालेले नाही, सहज आले, असे मी सांगितले. ‘सहज’ला डच भाषेत प्रतिशब्द असेलही, पण त्या क्षणी बाईंच्या चेहऱ्यावर तो नव्हता. त्यांनी डबा घेतला, मनापासून आभार मानले, आपण एकदा कॉफीला नक्की भेटू, असे म्हटले आणि आत जाऊन एक जाडजूड रोजनिशी आणली. तिला तिथे ‘आखेंडा’ म्हणतात आणि आपल्याकडे आधारकार्डाचे जे माहात्म्य आहे, ते तिथे या आखेंड्याचे आहे. पाने उलटली जाऊ लागली. तो आठवडा भरलेला होता, पुढच्या आठवड्यात नातवाची पोहण्याची परीक्षा होती, त्याच्या पुढच्या आठवड्यात बहिणीकडे जायचे होते, आणि अखेर एकोणीस दिवसांनंतरचा एक गुरुवार निघाला, सकाळी साडेदहा ते बारा. आमच्या लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुजींनीही एवढी पाने उलटली नव्हती, शिवाय मुहूर्ताला निदान ‘ते बारा’ अशी शेपटी नसते.

त्या गुरुवारी मी साडेदहाच्या ठोक्याला हजर झाले. कॉफी आली, पत्र्याचा डबा आला, त्यातले एक बिस्कीट मी घेतले. थोड्या वेळाने त्यांनी ‘आणखी एक?’ असे विचारले आणि मी रीतीप्रमाणे ‘नको’ म्हटले. आपल्याकडे पहिला ‘नको’ हा शिष्टाचार असतो, दुसरा ‘नको’ हा आग्रहाला दिलेला मान असतो आणि तिसऱ्या ‘नको’च्या आत पदार्थ ताटात पडलेला असतो. बाईंनी डब्याचे झाकण लावले. माझ्या पहिल्याच ‘नको’वर कोणी विश्वास ठेवण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ होती. मग पोह्यांविषयी त्या म्हणाल्या की ते फारच तिखट होते, खाण्यासारखे नव्हते, पण शेंगदाणे उत्तम होते, म्हणून त्यांनी दाणे धुऊन खाल्ले आणि बाकीचे टाकून दिले. हे सांगताना त्यांच्या आवाजात किंचितही खोच नव्हती, जणू तर्री हे एखादे हवामान आहे आणि त्या त्याचा अंदाज वाचून दाखवीत आहेत. निघताना डबा परत मिळाला. स्वच्छ घासलेला, चकचकीत आणि रिकामा. रिकामा डबा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असे आजी सांगत असे. डब्यात साखर नव्हती, पण आभाराची हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, आणि ती मी अजून जपून ठेवली आहे.

पुढे त्याच बाईंनी वाढदिवसाला बोलावले. आत गेले तर बैठकीत सगळ्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, माणसे गुडघ्यांवर बशी ठेवून बसलेली आणि सगळीकडे दबक्या आवाजात बोलणे चाललेले. क्षणभर मला वाटले की वार चुकला, आपण कोणाच्या तरी दिवसांना भेटायला आलो आहोत. तेवढ्यात एक उंच गृहस्थ उठले, माझा हात हातात घेऊन ‘खेफेलिसितेर्त’ म्हणाले, म्हणजे अभिनंदन. वाढदिवस माझा नाही, असे मी घाईने खुलाशादाखल सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल ते माझे अभिनंदन करीत होते, आणि मीही आता वर्तुळ फिरून मुलीचे आईच्या वाढदिवसाबद्दल, बहिणीचे बहिणीच्या वाढदिवसाबद्दल, जावयाचे सासूच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन करायचे होते. जावयाचे करताना मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, तो प्रामाणिकपणे आनंदी दिसत होता. ही पद्धत मला आता इतकी पटली आहे की आपण नुसते उत्सवमूर्तीला शुभेच्छा देऊन घरच्यांना स्वयंपाकघरात राबायला लावतो, हेच अन्यायाचे वाटू लागले आहे. केकचा मात्र एकच तुकडा मिळतो, आणि मी एव्हाना ‘नको’ म्हणायचे सोडलेले असूनही दुसरा आला नाही.

वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला मुलगी झाली तेव्हा खिडकीत मोठा कागदी करकोचा लागला आणि टपालाने कार्ड आले. त्यात बाळाचे नाव, वजन आणि भेटीला केव्हा यावे, हे छापलेले होते. बाळंतिणीकडे तिथे साधारण आठवडाभर एक प्रशिक्षित बाई घरी येते, आई आणि बाळ या दोघांचे सगळे पाहते, आणि तिचा खर्च मुख्यतः आरोग्यविम्यातून होतो. म्हणजे माहेरपण, पण पावतीसकट. भेटायला गेल्यावर आम्हाला कडक टोस्टवर लोणी आणि त्यावर गुलाबी-पांढरे साखरेचे दाणे घालून दिले. त्या दाण्यांना ‘माउशेस’ म्हणजे छोटे उंदीर म्हणतात, हे ऐकून नवऱ्याने टोस्ट हळूच खाली ठेवला. मी मात्र एक दाणा चावून पाहिला आणि जिभेवर बडीशेपेच्या नात्यातली चव आली. साखरेच्या आत अनिस या बडीशेपेच्या मावसबहिणीचे बी असते, आणि त्याने बाळंतिणीला दूध येते असे तिथल्या जुन्या बायका म्हणत. आपल्या बाळंतशोपांचे हे थेट समुद्रापलीकडचे सोयरे निघाले. मी तसे सांगितले, तेव्हा त्या घरात पहिल्यांदाच मला आग्रहाने दुसरा टोस्ट वाढण्यात आला.

सायकलीविषयी मला वृथा अभिमान होता. नागपूरला शाळेत मी पाच वर्षे सायकलने गेले होते, तेव्हा मला कोणी काय शिकवायचे? पण पावणेदोन-एक कोटी माणसे आणि त्यांच्याहूनही अधिक सायकली असलेल्या देशात अभिमान फार टिकत नाही. जुन्या सायकलींच्या दुकानात गेले. डच लोक जगातल्या सर्वांत उंच लोकांत मोडतात आणि त्यांच्या सायकली त्यांच्यावरच गेल्या आहेत. पहिल्या सायकलीवर बसले तेव्हा जमीन इतकी खाली राहिली की उतरण्यासाठी मला नवऱ्याचा खांदा लागला. दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिले, त्याला फार वेळ लागला नाही, आणि कसलाही संकोच न बाळगता मुलांच्या सायकलींकडे बोट दाखवले. दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी बनवलेली एक निळी सायकल घेऊन मी बाहेर पडले. तिच्या हँडलला ब्रेक नव्हता. पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते, असे त्याने समजावले होते, पण समजणे हे डोक्याचे काम आणि थांबणे हे पायांचे. पहिल्याच उतारावर, म्हणजे कालव्याच्या पुलावरून खाली येताना (सपाट हेगात उताराची सोय प्रामुख्याने एवढीच आहे), मी सवयीने दोन्ही मुठींनी हवा दाबली आणि कोणाच्या तरी नीट कातरलेल्या कुंपणात शिरले. घराची मालकीण बाहेर आली. मला लागले का, असे तिने आधी विचारले, आणि लागले नाही अशी खात्री पटल्यावर कुंपण गेल्याच आठवड्यात कातरून घेतले होते, हेही सांगितले.

डोंगर नसलेल्या त्या देशात वारा हाच चढ असतो, आणि तो जातानाही समोरून येतो व परततानाही समोरूनच येतो. छत्री तिथे दोन मिनिटांत उलटी होते. पाऊस पाहून मी घरी थांबले, की शेजारीणबाई म्हणायच्या, ‘तुम्ही काही साखरेच्या बनलेल्या नाही’, ही त्यांची म्हण आहे. गंमत म्हणजे तिथे वर्षाला पडतो साधारण ८५० मिलिमीटर पाऊस, तर नागपुरात पडतो हजाराच्या वर. आपण तो चार महिन्यांत ठोक भावाने घेऊन मोकळे होतो आणि ते बारा महिने किरकोळीत घेत राहतात, एवढाच फरक. उट्रेख्टच्या रेल्वे स्थानकाखाली १२,५०० सायकलींचे वाहनतळ आहे, जगातले सर्वांत मोठे. नवऱ्याने एकदा तिथे सायकल ठेवली आणि संध्याकाळी ती शोधण्यात त्याच्या दोन गाड्या सुटल्या, कारण ओळखीची खूण म्हणून त्याने ‘काळी’ एवढेच लक्षात ठेवले होते.

भाषेचा प्रश्न वेगळा होता. डच भाषेतला ‘ग’ घशात अडकलेला माशाचा काटा काढल्यासारखा उच्चारावा लागतो. हेगचे खरे नाव ‘देन हाख’, आणि आपण ज्याला व्हॅन गॉग म्हणून आयुष्यभर मान दिला तो तिथे ‘फान खोख’. वर्गात मी ही नावे म्हटली की शिक्षिका समाधानाने मान डोलवायची आणि शेजारचा ब्राझिलियन मुलगा मला पाणी द्यायचा. शब्दांनी याहून मोठे घोटाळे केले. आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो, यावरून पुण्याच्या मैत्रिणींनी मला कॉलेजात पुष्कळ छळलेले आहे. पहिल्याच महिन्यात नवरा सुपरमार्केटमधून फोनवर आनंदाने ओरडला, ‘अगं, इथं सांबार मिळून राहिला!’ घरी आली ती ‘सांबाल’ नावाच्या लालभडक मिरचीच्या ठेच्याची बरणी. इंडोनेशियावर डचांचे राज्य होते, तिथून हा ठेचा त्यांच्या स्वयंपाकघरात आला आणि आता तो साध्या वाण्याकडेही मिळतो. कोथिंबीर नाही, पण ठेचा मिळाला, म्हणजे नागपूरकराचे अर्धे काम झाले.

खरी कोथिंबीर, मेथी, कारली आणि अळू ‘हाख्से मार्क्ट’ या हेगच्या मोठ्या उघड्या बाजारात मिळाले. तिथे एका भाजीवाल्या आजींनी माझ्याकडे पाहून हिंदीसारख्या भाषेत विचारपूस केली, तेव्हा मला वाटले, उत्तर प्रदेशातून आलेल्या असतील. त्या कधीच भारतात आलेल्या नव्हत्या. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ नावाच्या जहाजातून गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी कलकत्त्याहून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत नेली गेली, त्यानंतर १९१६ पर्यंत चौतीस हजारांहून अधिक लोक तसेच गेले, आणि १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाल्याच्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळ जण नेदरलँड्सला आले. हेग हे त्यांचे मोठे केंद्र. आजींची सरनामी भाषा म्हणजे दीडशे वर्षे दोन समुद्रांपलीकडे मुरलेली भोजपुरी-अवधी. मला ती अर्धी कळते, त्यांना माझी विदर्भातली हिंदी अर्धी कळते, आणि या दोन अर्ध्यांत कारल्याचा भाव सहज ठरतो. कारल्याला त्या ‘सोप्रोपो’ म्हणतात. गावात आखेंड्याशिवाय मला ‘बैस’ म्हणणाऱ्या पहिल्या बाई त्याच.

नागपूर म्हणजे संत्रानगरी, आणि नेदरलँड्सचा राष्ट्रीय रंगच नारिंगी, तेव्हा या एका बाबतीत तरी आपण घरचे आहोत, असे मी समजून चालले होते. २७ एप्रिलला राजे विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस असतो. त्या दिवशी सगळा देश नारिंगी टोप्या घालून रस्त्यावर उतरतो आणि घराघरांतली अडगळ फुटपाथवर विकायला मांडली जाते. मी आईने दिलेली नारिंगी पैठणी नेसून खाली उतरले आणि मोठ्या ऐटीत सांगितले की आमच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शेजारीणबाईंनी शांतपणे माझी ऐट उतरवली. त्यांच्या राजघराण्याचे ‘ओरान्ये’ हे नाव दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज नावाच्या गावावरून आले, विल्यम नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला १५४४ मध्ये ते संस्थान चुलतभावाकडून वारसाने मिळाले, आणि फळाचा याच्याशी काही संबंध नाही. फळाला तर ते ‘सिनासअपेल’ म्हणजे चीनचे सफरचंद म्हणतात, आणि आमचे सोलायला सोपे नागपुरी संत्रे त्यांच्या हिशेबाने तेही नव्हे, ते ‘मांडारेन’. एका वाक्यात संत्रानगरीचा संत्र्याशी संबंध तुटला. पण त्याच दुपारी एका आठ वर्षांच्या विक्रेत्याने जुन्या कोड्याच्या खेळाचे तीन युरो सांगितले आणि मी आमच्या सीताबर्डीच्या बाजाराच्या शिस्तीने एक युरो म्हणून चालू लागले, तेव्हा त्याने मागून हाक मारली नाही. मला परत जाऊन तीन युरो द्यावे लागले, आणि शिवाय तो ‘या’ म्हणाला.

डॉक्टरांविषयी थोडक्यात सांगते, कारण ते स्वतःही थोडक्यातच बोलतात. ताप, खोकला, पाठदुखी, या सर्वांवर पॅरासिटामॉल आणि विश्रांती, आणि चार दिवसांनी बरे वाटले नाही तर पुन्हा फोन. सलाईन तर सोडाच, साधे इंजेक्शनही नाही. आईने हे फोनवर ऐकले आणि ‘मग तो शिकला काय इतकी वर्षं?’ असे विचारले. चार दिवसांनी मी बरी झाले होते, ते तिला अजून सांगितलेले नाही.

आई स्वतः २०२४ च्या मेमध्ये तीन महिन्यांसाठी आली. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांतून निघालेली आई हेगच्या पंधरा अंशांत स्वेटर, कानटोपी आणि शाल घालून बाल्कनीत बसायची आणि समोरच्या बागेत कमी कपड्यांत ऊन खाणाऱ्या लोकांकडे अतीव करुणेने पाहायची. संध्याकाळी लोक खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत, रस्त्यावरून सगळी बैठक दिसते, याचे तिला आधी फार अवघडले, पण आठवड्याभरात फिरून आल्यावर कोणाकडे नवा सोफा आला, हे ती मला सांगू लागली. जुलैच्या सुरुवातीला टीव्हीवर तिने पंतप्रधान मार्क रुटे नव्या पंतप्रधानांना कारभार सोपवून कार्यालयातून बाहेर पडताना पाहिले. चौदा वर्षे पंतप्रधान राहिलेला माणूस सायकलवर बसला, हात हलवला आणि निघून गेला. ‘अन् ह्याच्या मागच्या गाड्या?’ असे आईने विचारले. अधिवेशनाच्या काळात ताफे जाईपर्यंत चौकात थांबणाऱ्या नागपूरकराचा तो रास्त प्रश्न होता.

तिला शेजारीणबाईंकडे कॉफीला नेले होते (सव्वीस दिवस आधी ठरवून). आई मध्येच हात धुवायला गेली आणि लाल चेहऱ्याने परत आली. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझ्या लेकीचं नाव त्या बाईनं संडासात काहून लिहून ठेवलं?’ डच घरांत वाढदिवसांची एक दिनदर्शिका असते, तिच्यावर वार किंवा वर्ष नसते, म्हणून ती कधी बदलावी लागत नाही, आणि ती परंपरेने शौचालयात टांगतात, कारण तिथे माणूस रोज जातो, बसतो आणि वाचतो. तिथे नाव लागणे म्हणजे त्या घराने तुम्हाला आपले मानणे. मला हे ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर माझे नाव दिसले तेव्हा मला भरून आले होते. आईला मी हे सगळे समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हटले, ‘स्वयंपाकघरात जागा नव्हती का? कालनिर्णय आपण तिथंच लावतो.’

जूनच्या अखेरीस पारा तिशीच्या पुढे गेला होता. त्या देशाच्या हवामान खात्याच्या लेखी लागोपाठ पाच दिवस कमाल तापमान किमान पंचवीस आणि त्यांतले तीन दिवस किमान तीस असले की उष्णतेची लाट होते, आणि ते दे बिल्ट या गावच्या केंद्रावर मोजले जावे लागते. पंचवीस अंशांना नागपुरात आपण रजई काढतो, हे सांगून मी खूप हशा मिळवलेला आहे. पण ती घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. छताला पंखा नाही, पंख्याचा हूक नाही, कूलर नाही आणि वाळ्याची ताटी नाही, आणि रात्री दहापर्यंत ऊन खिडकीतून हलत नाही. आई आणि मी ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो होतो आणि नागपूरची अब्रू जाऊ नये म्हणून ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही, असे आमचे ठरले होते. तेवढ्यात दार वाजले.

आईने दार उघडले. शेजारीणबाई होत्या, हातात टेबलपंखा. उन्हाळ्यात म्हाताऱ्या शेजाऱ्यांची चौकशी करा, असे तिथले सरकार सांगत असते, आणि आपल्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असलेल्या आईला त्यांनी म्हाताऱ्यांत धरले होते. त्यांनी कळवलेले नव्हते, वही पाहिलेली नव्हती, आणि याबद्दल त्या दारातच क्षमा मागत होत्या, आत येऊ का, असे डचमध्ये विचारीत होत्या. आईला त्यातला एकही शब्द कळला नाही. तिने ओला टॉवेल खांद्यावर टाकला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, ‘या, या!’ बाई आत आल्या. त्या ‘ते बारा’ न म्हणता तीन तास बसल्या. आईने सांबारवडी तळली, भर उन्हाळ्यात, ओल्या टॉवेलसकट. त्यांनी एक खाल्ली आणि ‘लेकर!’ म्हणाल्या. ‘कोणाचं लेकरू?’ असे आईने मला विचारले. म्हणजे फार चवदार, असे मी सांगितले. ‘मग दुसरी घे म्हणा’, असे म्हणून आईने उत्तराची वाट न पाहता दुसरी वाढली, बाईंनी ‘नेय’ म्हटले, आईने तिसरी वाढली. तिखटाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, पण त्यांनी त्या टाकल्या नाहीत.

परवा दुपारी तीन वाजता, मी ओट्यावर संत्र्यांच्या साली सोलत असताना, नागपूरच्याच महाल भागातली मावशी दोन नातवंडांना घेऊन न कळवता आली. माझ्या तोंडून निघून गेले, ‘मावशी, फोन केला असता तर बरं झालं असतं.’ मावशीने मला आपादमस्तक न्याहाळले आणि आईला विचारले, ‘हिची तब्येत बरी आहे ना वं?’ मी शरमेने आत जाऊन हेगहून आणलेला स्ट्रोपवाफलचा डबा काढला, मधोमध पाक असलेल्या त्या चकत्या कशा खायच्या ते सांगितले आणि सर्वांना एकेक दिली. मुलांनी क्षणात संपवल्या. मावशीलाही आवडली असावी, कारण तिने बोट चाटले. ‘आणखी एक घ्या’, मी म्हटले. ‘नको गं बाई, आत्ताच जेवून आले’, मावशी म्हणाली. मी डब्याचे झाकण लावले.

ओट्यावर सगळे गप्प झाले. मुले डब्याकडे पाहत होती, मावशी आईकडे पाहत होती. आईने काही न बोलता डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडून ते माझ्यापासून दूर, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवले, आणि मावशीच्या बशीत दोन चकत्या घातल्या.

‘नको नको’, मावशी म्हणाली आणि पहिली उचलली.